डोक्याचा स्कॅन सांगितलाय? सीटी, एमआरआय, पेट, कुठला कशासाठी आणि जाताना काय काय करायचं

मी १४ वर्षं सीटी आणि एमआरआयच्या खोलीत टेक्निशियन म्हणून काम करतोय. रोज सकाळी काउंटरसमोर घाबरलेली माणसं उभी असतात, हातात डॉक्टरांची चिठ्ठी, चिठ्ठीवर इंग्रजीत दोन ओळी, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "डोक्याचा फोटो काढायचाय, किती वेळ लागेल?" दुसरा प्रश्न, "सीटी कशाला, डायरेक्ट एमआरआयच करा ना, तो भारी असतो म्हणतात."

या दुसऱ्या प्रश्नासाठी हा लेख लिहितोय, आणि त्याला घरचं कारण आहे. माझ्या मामांना पहाटे तोंड वाकडं होऊन उजवा हात गळाल्यासारखा झाला. तालुक्याच्या गावात सीटी मशीन होतं, वीस मिनिटांवर. पण घरातल्यांनी ठरवलं की इथे सीटीत वेळ घालवण्यापेक्षा शहरात नेऊन थेट एमआरआय करू. अडीच तास रस्त्यात गेले, तिथे पोचल्यावर एमआरआयला आधीचे दोन पेशंट होते. मला फोन केले होते त्यांनी, पण मी ड्युटीवर आणि फोन लॉकरमध्ये, कारण आमच्या खोलीत फोन नेता येत नाही. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ निघून गेली. मामांना आजही लुंगीची गाठ स्वतः बांधता येत नाही, मामी बांधून देते.

तर आता पहिल्यापासून सांगतो.

आधी डॉक्टरांना एक गोष्ट विचारा

"या स्कॅनमधून तुम्हाला काय बघायचंय?" एवढंच. प्रत्येक तपासणी एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर देते, स्वस्त-महाग असा जिना नाहीये की वरच्या पायरीवर गेलं की सगळं दिसलं. रक्तस्राव झालाय का, गाठ आहे का, फिट कुठून येतेय, शीर बंद आहे का, मेंदू आकसलाय का, हे सगळे वेगळे प्रश्न. डॉक्टर जे सांगतील ते चिठ्ठीवर लिहून घ्या, कारण नुसतं "एमआरआय ब्रेन" लिहिलेली चिठ्ठी आली की आम्हाला कळत नाही कशावर जोर द्यायचा. "तीन महिने डोकेदुखी, सकाळी उलटी, डोळ्यापुढे अंधारी" असं लिहिलेलं असलं की रिपोर्ट करणारे रेडिओलॉजिस्ट नेमकं तिथे बघतात.

सीटी : घाई असेल तर हाच

सीटी म्हणजे एक्स-रेच, फक्त नळी डोक्याभोवती गोल फिरते आणि कॉम्प्युटर त्यातून आडवे काप तयार करतो, मुळा चकत्या करून ठेवावा तसे. गॉडफ्रे हाउन्सफील्ड नावाच्या इंग्लंडमधल्या इंजिनिअरने हे यंत्र बनवलं, १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये पहिल्या पेशंटच्या डोक्याचा सीटी झाला आणि १९७९ मध्ये त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्याबरोबर नोबेल मिळालं. तेव्हा एकेका कापाला चार-पाच मिनिटं लागायची, आता अख्खं डोकं काही सेकंदांत होतं.

सीटीवर प्रत्येक गोष्टीला नंबर असतो, त्याला हाउन्सफील्ड युनिटच म्हणतात. पाणी शून्य, हवा उणे १०००, हाड शेकड्यांत आणि हजारापर्यंत. मेंदू साधारण २५ ते ४० च्या घरात, ताजं रक्त त्याच्या वर ५० ते ७० च्या आसपास. म्हणून ताजा रक्तस्राव सीटीवर करड्या मेंदूत पांढरा उठून दिसतो, कुणालाही दिसेल इतका. डोक्याला मार लागलाय, अचानक आयुष्यात कधी दुखलं नाही इतकं डोकं दुखतंय, लकवा मारलाय, पेशंट बेशुद्ध आहे, या सगळ्यात आधी सीटी.

लकव्याचं नीट समजून घ्या. लकवा दोन कारणांनी होतो, शीर बंद पडली किंवा शीर फुटली. बाहेरून दोन्ही पेशंट सारखेच दिसतात. बंद पडली असेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं, आणि फुटली असेल तर तेच इंजेक्शन जीव घेईल. त्यामुळे डॉक्टरांना पहिल्या मिनिटाला फक्त एवढंच हवं असतं की डोक्यात रक्त आहे का नाही. ते सीटी लगेच सांगतो. सुरुवातीच्या तासांत शीर बंदचा सीटी अगदी नॉर्मलही दिसतो, मग नातेवाईक म्हणतात सीटीत काहीच आलं नाही, पैसे फुकट गेले. अहो काही आलं नाही हीच तर बातमी, रक्त नाहीये, आता इंजेक्शन देता येईल. हे इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. मोठी शीर बंद असेल तर तार घालून गुठळी ओढून काढतात, ते निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंतही करता येतं, पण प्रत्येक मिनिटाला मेंदूच्या पेशी मरत असतात. म्हणून तोंड वाकडं, हात खाली पडतोय, बोलणं अडखळतंय असं दिसलं की १०८ ला फोन, आणि घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल तर "शेवटचे धडधाकट कधी पाहिले" ती वेळ. जवळचं असं हॉस्पिटल धरा जिथे सीटीही आहे आणि ते इंजेक्शनही देतात. हे हॉस्पिटल कुठलं ते आजच माहीत करून ठेवा, पहाटे चारला शोधत बसू नका.

म्हाताऱ्या माणसांबद्दल एक खास सांगायचंय. आजोबा बाथरूममध्ये घसरले, डोकं जरा आपटलं, दोन मिनिटांत उठले, चहा प्यायले, सगळे विसरले. तीन-चार आठवड्यांनी चाल बिघडते, झोपून राहतात, विसरल्यासारखं करतात आणि घरचे म्हणतात वय झालं. मेंदू वयानुसार आकसलेला असतो, त्यामुळे कवटीखाली हळूहळू रक्त साठायला जागा मिळते, सीटीवर ते चंद्रकोरीसारखं दिसतं. वेळेत काढलं की बरेच जण पुन्हा चालायला लागतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर याची शक्यता जास्त, त्यामुळे पडल्याचं डॉक्टरांना सांगाच, महिना झाला असला तरी.

रेडिएशनचं विचारतात लोक. डोक्याच्या साध्या सीटीत साधारण २ मिलिसिव्हर्ट (हे रेडिएशन मोजायचं माप), आणि जमिनीतून, आकाशातून, अन्नातून आपल्याला वर्षभरात सरासरी २.४ मिळतातच. गरज असेल तेव्हा घाबरायचं कारण नाही, पण साध्या डोकेदुखीसाठी "एकदा बघून टाकू" म्हणून लहान पोराचा सीटी करू नका. गरोदर असाल किंवा तशी शंका असेल तर आधी सांगा.

एमआरआय : इथे जरा सविस्तर

एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात. प्रचंड लोहचुंबक असतं आणि रेडिओ लहरी असतात. आपल्या शरीरात पाणी भरपूर, पाण्यात हायड्रोजन, त्या हायड्रोजनचे कण चुंबकात रांगेत उभे राहतात, रेडिओ लहरीने त्यांना धक्का दिला की परत जागेवर येताना ते बारीक सिग्नल सोडतात, आणि तो सिग्नल डोक्यावर बसवलेली कॉइल पकडते. यावरून चित्र कसं काढायचं हे पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांनी दाखवलं, त्यांना २००३ चं नोबेल.

आमच्याकडे बहुतेक मशीन १.५ किंवा ३ टेस्लाची, टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं माप. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकाच्या साधारण ३० हजार पट. आणि हे चुंबक रात्रंदिवस चालू असतं, स्कॅन चालू नसताना, लाइट गेलेली असतानासुद्धा, कारण आत द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंशाला थंड ठेवलेली वेटोळी असतात आणि त्यात करंट फिरतच राहतो. लोकांना वाटतं मशीन बंद आहे, आत डोकावलं तर काय होतंय. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका हॉस्पिटलमध्ये पेशंटचा नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला, चुंबकाने सिलिंडर खेचला, त्याबरोबर तो माणूसही ओढला गेला आणि मेला. तरुण माणूस होता. दारावर टेक्निशियन ओरडतोय म्हणजे तो उद्धट आहे असं समजू नका, आमच्या डोळ्यापुढे तो सिलिंडर असतो.

एमआरआयच्या आदल्या दिवशी आणि त्या सकाळी

फॉर्म देतात तो गाडीत बसून घाईघाईत "नाही, नाही, नाही" असा भरू नका. पेसमेकर, कानातलं कॉक्लियर इम्प्लांट, मेंदूतल्या फुगलेल्या शिरेला लावलेली क्लिप, डोक्यातलं पाणी काढणारी शंटची नळी, यातलं काहीही असेल तर त्याचं कार्ड किंवा ऑपरेशनचा कागद घेऊन या. आताचे काही पेसमेकर एमआरआयला चालतात, पण मशीन तपासून, सेटिंग बदलून, डॉक्टर हजर असतानाच. हृदयातली स्टेंट, गुडघ्याची वाटी बहुतेक वेळा चालते, तरी सांगा. वेल्डिंग, लेथ, ग्राइंडरवर काम केलेल्यांनी तर आवर्जून सांगायचं, कारण डोळ्यात लोखंडाचा बारीक कण वर्षानुवर्षं बसून राहिलेला असू शकतो आणि चुंबकात तो हलला तर डोळा जाईल. अशांचा आधी डोळ्याचा एक्स-रे काढतात.

मग अंगावरचं. एक आजी आल्या होत्या, नऊवारीतल्या, सगळं काढलंय म्हणाल्या. मी विचारलं, आजी पिना? नाही रे बाळा. आमच्या सिस्टर आत घेऊन गेल्या आणि एक एक करत सात सेफ्टी पिना निघाल्या, पदराला, ब्लाउजला, आणि दोन मंगळसूत्राला अडकवलेल्या, वेळेला असाव्यात म्हणून. पिना लोखंडाच्याच, चुंबकापुढे बाणासारख्या सुटतात. म्हणून घरीच बघा : पिना, केसातले आकडे, चाप, नथ, चमकी, जोडवी, करदोड्यातला मणी, दंडाचा ताईत, कमरेची किल्ली, चुन्याची डबी, कवळी, कानाचं मशीन, घड्याळ, एटीएम कार्ड. मंगळसूत्र काढायला बऱ्याच बायकांना जड जातं, मी समजू शकतो. सोनं चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण फासा, तार, भेसळ कशाची आहे ते कुणाला माहीत, शिवाय गळ्यातल्या धातूने मानेजवळचं चित्र बिघडतं आणि तो तापूही शकतो. काढून घरच्या माणसाच्या हातात द्या, वाटलं तर साधा काळा दोरा बांधून या. जरीची साडी नको, जर तापते, आम्ही गाऊन देतोच. काजळ, मस्कारा धुऊन या, त्यातल्या रंगात लोह असतं आणि डोळ्याजवळचं चित्र वाकडं येतं.

क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट जवळ ठेवा. चिठ्ठीवर "कॉन्ट्रास्ट" असेल तर चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देतात आणि किडनी खूपच खराब असेल तर ते जपून किंवा वेगळ्या प्रकारचं द्यावं लागतं. सीटीचं कॉन्ट्रास्ट वेगळं, ते आयोडिनचं. ते देताना अंगभर गरम होतं, तोंडाला धातूची चव येते, लघवी झाल्यासारखं वाटतं पण होत नाही, मिनिटभरात जातं. आधी कधी कॉन्ट्रास्टची ॲलर्जी आली असेल, दमा असेल, शुगरची मेटफॉर्मिन चालू असेल तर बोला. उपाशी यायचं की नाही ते सेंटरला फोन करून विचारा.

आत गेल्यावर

डोक्यावर पिंजऱ्यासारखी कॉइल बसवतात, कानात बोळे किंवा हेडफोन, हातात एक रबरी फुगा, तो दाबला की आम्हाला बेल वाजते. वीस ते पंचेचाळीस मिनिटं धरा. आवाज मोठा असतो, ठोकल्यासारखा, मधेच करकर, मधेच शांतता. शांत झालं म्हणजे संपलं असं समजून मान वळवू नका, फोटोंच्या दोन फेऱ्यांच्या मधली ती जागा असते. हललात की चित्रावर पाण्यात तरंग उठावेत तशा रेघा येतात आणि तो भाग परत करावा लागतो. हाताची घडी घालू नका, पायावर पाय नको, कातडीला कातडी लागून वेटोळं तयार झालं की तिथे भाजू शकतं.

बंद जागेची भीती वाटणारे बरेच असतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही, धडधाकट पैलवानसुद्धा घाबरतात. माझा अनुभव असा की डोळे बोगद्यात शिरायच्या *आधी* मिटायचे आणि शेवटपर्यंत उघडायचे नाहीत. डोळ्यावर घडी केलेला रुमाल मागा. मनात मोजा, जप करा, घरापासून एसटी स्टँडपर्यंतचा रस्ता डोळ्यापुढे आणा. अंगावर धातू नसलेल्या नातेवाइकाला तपासून आत बसू देतात, त्याने फक्त पायाला हात लावून ठेवला तरी फार फरक पडतो. एवढं करून जमत नसेल तर डॉक्टर गुंगीचं औषध देतात, मग मात्र उपाशी यायचं आणि परत नेणारं माणूस हवं. लहान मुलांना बहुतेक वेळा गुंगी लागते. अगदी तान्ह्या बाळाला दूध पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून झोपेतच केलेले स्कॅनही मी पाहिलेत, आई शेजारी श्वास रोखून उभी.

फिल्मवरची नावं

फिल्मवर टी-१, टी-२, फ्लेअर, डीडब्ल्यूआय असं असतं, ही एमआरआयचं चित्र काढायच्या वेगवेगळ्या पद्धतींची नावं. टी-२ वर पाणी पांढरं दिसतं. फ्लेअरमध्ये मेंदूभोवतीचं नेहमीचं पाणी काळं केलेलं असतं, त्यामुळे सूज, जुने डाग उठून दिसतात. डीडब्ल्यूआयवर ताजा लकवा चमकतो, सीटी नॉर्मल असतानासुद्धा, काही मिनिटांतच. एसडब्ल्यूआय जुन्या रक्ताचे बारीक ठिपके दाखवतं. एमआरए म्हणजे धमन्यांचं चित्र, बऱ्याचदा इंजेक्शनशिवाय होतं. एमआरव्ही म्हणजे अशुद्ध रक्ताच्या शिरांचं. बाळंतिणीला अचानक जोराची डोकेदुखी, फिट आली तर डॉक्टर एमआरव्ही सांगतात तो याच शिरांत गुठळी आहे का बघायला, तिथे "ओल्या बाळंतिणीला बाहेर कसं काढायचं" म्हणत थांबू नका.

फिल्म समोर धरली की पेशंटची उजवी बाजू तुमच्या डावीकडे येते, समोरासमोर उभं राहिल्यासारखं. यावरून घरी वाद होतात म्हणून सांगितलं.

बाकीच्या तपासण्या

पेट स्कॅनमध्ये साखरेसारखं किरणोत्सारी औषध शिरेतून देतात, मेंदूचा जो भाग काम करतोय तो साखर खातो आणि उजळतो, जो सुस्तावलाय तो फिका राहतो. स्मृतिभ्रंशाचा प्रकार ओळखायला, फिटचं ऑपरेशन ठरवताना उपयोग होतो. चार ते सहा तास उपाशी, शुगर ताब्यात, आणि इंजेक्शननंतर अंधाऱ्या खोलीत गप्प पडून राहायचं, फोन नाही, गप्पा नाहीत, कारण जे बघाल-ऐकाल त्याने मेंदूचा तो भाग उजळेल. वेळेवर पोचा, या औषधाचा जोर ११० मिनिटांत निम्मा होतो आणि ते खास तुमच्या वेळेसाठी मागवलेलं असतं. नंतर काही तास तान्ही बाळं आणि गरोदर बायांपासून लांब.

डीएसए म्हणजे जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी मेंदूच्या धमनीपर्यंत नेऊन शिरांचं चित्रण, यासाठी एक दिवस ॲडमिट धरा. फंक्शनल एमआरआय गाठीच्या ऑपरेशनआधी करतात, आत झोपून बोटं हलवायची, शब्द मनात म्हणायचे, म्हणजे बोलण्याची जागा गाठीपासून किती लांब आहे ते सर्जनला कळतं. तान्ह्या बाळाची टाळू उघडी असते तोवर तिथून साध्या सोनोग्राफीने मेंदू दिसतो. आणि ईईजी हा फोटो नाहीच, तो मेंदूतल्या विजेचा आलेख, त्याला जाताना केस धुऊन जा, तेल लावू नका.

रिपोर्ट हातात आल्यावर

रात्री बारा वाजता एकेक शब्द मोबाइलवर शोधत बसू नका, ही हात जोडून विनंती. "एसओएल" म्हणजे जागा व्यापणारं काहीतरी, कॅन्सर असा त्याचा अर्थ नाही. "एज रिलेटेड ॲट्रोफी" म्हणजे वयानुसार मेंदू थोडा आकसलाय, केस पांढरे व्हावेत तसं. "स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस" म्हणजे बारीक शिरांचे डाग, बीपी आणि शुगर असलेल्यांत साठीनंतर फार वेळा दिसतात, गोळ्या नियमित घ्या असा तो निरोप. "मिडलाइन शिफ्ट" किंवा "मास इफेक्ट" लिहिलं असेल तर मात्र उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आपल्याकडे फिट आलेल्या तरुण पोरांच्या स्कॅनमध्ये "रिंग एन्हान्सिंग लिजन" बऱ्याचदा येतं, गोल कडं. घरचे कोसळतात, ट्यूमर म्हणून. यात बहुतेक वेळा टीबीची गाठ असते किंवा पट्टकृमीची अळी, आणि कड्याच्या आत बारीक ठिपका दिसला तर ते अळीचं डोकं असतं, मग निदान जवळपास पक्कंच. दोन्हीवर औषधं आहेत. "पण आम्ही तर शाकाहारी" असं दरवेळी ऐकतो. या कृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून, दूषित पाण्यातून, अस्वच्छ हातांतून पोटात जातात, मांस खाल्लेलंच असलं पाहिजे असं नाही.

रिपोर्टसोबत सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या, फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीत सगळी. हॉस्पिटलला ॲडमिट असाल आणि महात्मा फुले जनआरोग्य योजना तिथे लागू असेल तर पैसे भरायच्या आधी आरोग्यमित्राला विचारा. फिल्म घडी घालू नका, गाडीत उन्हात ठेवू नका, पाकिटावर तारीख आणि कशासाठी काढली ते पेनाने लिहा आणि कपाटात आडवी ठेवा. पुढच्या वेळी स्कॅनला येताना ती सोबत आणा, कारण तीन मिलिमीटरचा डाग मागच्या वर्षीही तेवढाच होता की नव्हता हे रेडिओलॉजिस्टना फक्त ती जुनी फिल्म शेजारी लावूनच सांगता येतं.